चौदा इंचांचा पीळ

शोटो, मोंटाना
९ नोव्हेंबर २००३

ती. आर्विडमामास,
थोराचा सा. न. वि. वि.

बंदुकांनी तुमचे कान खाल्ले, म्हणून तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही. आज त्याचं मला बरंच वाटतंय. हे तोंडाने सांगवलं नसतं.

सोमवारी वरच्या कुरणाच्या कडेला एल्क हरणाची मादी उभी होती. दीडशे पावलांवर. वारा नव्हता, रायफल ओंडक्यावर टेकलेली, नळी तुम्ही एप्रिलमध्ये बसवून दिलेली. मी पुढच्या पायाच्या मागे नेम धरला आणि गोळी पोटात लागली. ती चालत निघून गेली. दोन दिवस मी रक्ताचे थेंब शोधत फिरले. तिसऱ्या दिवशी डोमकावळ्यांनी ती कुठे आहे ते दाखवलं. आतडी बाहेर आलेली, मांस हिरवं पडलेलं, आणि वास असा की मी तिथेच ओकले.

परवाना वर्षाला एकच असतो. मी परवान्याची चिठ्ठी तिच्याच पायाला बांधून आले, म्हणजे यंदाची शिकार संपली. ताईचे यजमान ड्वेन म्हणाले की असला वेडेपणा कुणी करतं का, बघायला होतं कोण, चिठ्ठी खिशात ठेवून दुसरी मारायची. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

खुब्याचं हाड मोडल्यापासून बाबा डोंगर चढत नाहीत. घरचं हिवाळ्याचं मांस मीच आणते. यंदा काही नाही. बाबा म्हणाले, जनावर असं सडवणाऱ्या हातात माझी रायफल नको, नाताळला ती ड्वेनला देऊन टाकतो. मामा, रायफल गेली की माझं डोंगरावर जाणंही संपलं. माझं काय चुकलं ते सांगा.

या भाचीवर थोडा लोभ उरला असेल तर तो ठेवा.

तुमची,
थोरा


सॅमन, आयडाहो
१४ नोव्हेंबर २००३

चि. थोरास,
अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले. मनात सध्या फक्त किळस आहे.

तुझं पत्र जेवताना उघडलं ही माझी चूक. ताट तसंच सारलं.

बत्तीस वर्षं मी नळ्या बसवतोय. नळीच्या आत जे आटे कापलेले असतात ते गोळीला फिरकी देतात, आणि किती इंचांत एक वेढा द्यायचा ते गोळीच्या वजनावरून ठरतं. हलकीला कमी पीळ, जडला जास्त. मार्चच्या पत्रात तू १६५ ग्रेन वजनाची गोळी लिहिलीस. तिला चौदा इंचांत एक वेढा भरपूर झाला. उगाच जास्त पीळ देऊन नेम फाकवायचा ही हल्लीची फॅशन माझ्या दुकानात चालत नाही. माझ्या नळीतली गोळी हातभर सरकत नाही, पोरी. सरकतं ते घोड्यावरचं बोट.

असलं रडगाणं गाणारं यंदा मला आलेलं हे तिसरं पत्र. आधीची दोन गिऱ्हाइकांची, एक दातांचा डॉक्टर, दुसरा शाळेतला मास्तर. दोघांनाही हेच उत्तर धाडलं. मला या सगळ्याचा वीट आलाय. ड्वेन गाडीची काच खाली करून गोळी झाडतो, त्याला मी शिकारी म्हणत नाही. पण तुझ्या हातून जे झालं त्यात आणि त्याच्या धंद्यात मला फार फरक दिसत नाही.

तरी तू माझ्या बहिणीची मुलगी. शंभर पावलांवर नेमाचा कागद लाव, आहे त्या थंडीत दहा गोळ्या झाड आणि कागद मला पाठव. बोट कुठे चळतं ते मी बघतो.

लोभ आहे. दाखवण्याची इच्छा नाही.

आर्विडमामा


शोटो
२२ नोव्हेंबर २००३

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

मन खट्टू असेल तर पुढच्या वेळी आशीर्वाद लिहू नका. उपकारासारखे आशीर्वाद मलाही नकोत.

कागद सोबत आहे. मंगळवारी सकाळी पारा शून्याच्या बराच खाली होता, पापण्या एकमेकींना चिकटत होत्या. वाळूच्या पिशव्यांवर रायफल ठेवून मी पाच झाडल्या. बाबा काठी टेकत मागे उभे होते. पाचवीनंतर त्यांना राहवलं नाही. म्हणाले, सरक, रायफल कशी धरतात ते एकदा डोळ्यांनी बघ. उरलेल्या पाच त्यांनी झाडल्या. माझ्या भोकांशेजारी पेन्सिलीने फुली आहे, त्यांच्या भोकांशेजारी काही नाही.

मामा, बाबांच्या पाचही माझ्यासारख्याच विखुरल्या. भोकं गोलसुद्धा नाहीत. गोळी आडवी होऊन गेल्यासारखी लांबट आहेत. बाबा कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले बोटं गारठली होती, आणि घरात गेले. नाताळचा बेत मात्र त्यांनी बदललेला नाही. ड्वेन काल येऊन रायफलसाठी पट्टा मापून गेले.

मला यातलं काही कळत नाही. तुम्हीच बघा.

राग ओसरला की लोभ करा, घाई नाही.

थोरा


सॅमन
२९ नोव्हेंबर २००३

चि. थोरास,
या वेळी मनापासून आशीर्वाद. मला ते देण्याचा हक्क राहिलाय का, हे तू ठरव.

तुझा कागद टेबलावर पसरला आणि बघतच बसलो. बोट चळलं तरी भोक गोलच पडतं. भोक लांबट पडतं ते गोळी हवेतच कोलमडल्यावर.

मग खण उपसून तुझं मार्चचं पत्र काढलं. तू स्वच्छ लिहिलं होतंस: अंगणात पंख ओढत आलेला गरुड मेला, शिकारीच्या टाकलेल्या आतड्यांतलं शिसं त्याच्या पोटात गेलं होतं, म्हणून आता तांब्याची गोळी वापरणार, १६५ ग्रेनची. मी तेव्हाच १६५ भोवती लाल पेन्सिलीने गोल काढलाय. गरुडाचं पुराण आलं तशी तांब्याची ओळ गाळून थेट आकड्यावर आलो होतो.

तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन भरायचं तर गोळी लांब होते. आणि नळीला वजन कळत नाही, लांबी कळते. लांब गोळीला पीळ जास्त लागतो. हे मला माहीत होतं, थोरा, पण बत्तीस वर्षं शिशाच्याच गोळ्या मोजून मी वजनालाच लांबी समजायला लागलो. ऑगस्टमध्ये तू नेम तपासलास तेव्हा उबदार, विरळ हवेत तुझी गोळी कशीबशी तग धरत असणार. नोव्हेंबरची गारठलेली हवा दाट, तिच्यात ती आडवी झाली.

त्या मादीचे दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. तुला जे लिहिलं त्याची मला शिसारी येते. डॉक्टरला आणि मास्तरला लिहिलं त्याचीही. चौदाचा पीळ मी आणखी एकवीस जणांना दिलाय. एकेकाला पत्र लिहितोय, तू कुठली गोळी वापरतोस हे विचारायला आणि नळी फुकट बदलून द्यायला.

रायफल पाठव. दहा इंचांत एक वेढा असलेली, जास्त पिळाची नळी तयार ठेवतो. तुझ्या बाबांना वेगळं लिहिलंय की ती एल्क थोराने सडवली नाही, मी सडवली.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

मामा


शोटो
२१ डिसेंबर २००३

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

रायफल पोचली. काल पारा पुन्हा शून्याखाली होता. दहा गोळ्या झाडल्या, दहाही भोकं गोल, वाटीखाली झाकतील एवढ्या जागेत. कागद सोबत आहे, भिंतीवर लावा.

बाबांनी तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग रायफल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, चूक आर्विडची होती. ड्वेनना नुसता पट्टा मिळाला. त्यांनी तरी हरणाच्या मांसाचे सॉसेज आणून दिले. ते हरीण गाडीच्या कुठल्या खिडकीतून मारलं होतं हे मी विचारलं नाही. मला ते घशाखाली उतरले नाहीत.

मामा, मी तिथेच गप्प बसू शकले असते. पण तुम्ही सगळंच स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतंत. मी आत जाऊन ऑगस्टमध्ये नेम तपासताना झाडलेल्या दहा गोळ्यांचा कागद आणला. त्या दहापैकी दोन भोकं अंड्यासारखी होती. ती मी तेव्हाच पाहिली होती. कागद वाऱ्याने फडफडला असेल असं स्वतःला सांगितलं, कारण नवी नळी होती, तुमची होती, आणि मला डोंगरावर जायचं होतं. बाबांना हे सगळं सांगितलं आणि रायफल परत त्यांच्याकडे सरकवली.

त्यांनी चष्मा लावला. त्या दोन भोकांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिले. उठले, खिळा शोधला आणि तो कागद रायफलच्या खुंटीशेजारी ठोकला. म्हणाले, या घरात रायफल काढणाऱ्याने आधी हा कागद बघायचा.

मग बसले आणि मला म्हणाले, तेल लावून ठेव, पुढच्या वर्षी तुलाच लागणार आहे. मी रायफल साफ केली. त्या दोन भोकांकडे बघवत नव्हतं, पण कागद समोरच होता.

एकवीस पत्रं लिहून हात दुखत असेल. बाविसावं मला लिहा, लोभ त्यातच पाठवा.

तुमची भाची,
थोरा