दोन्ही काठांचा समुद्र

८ एप्रिल, मंगळवार

आमच्या हर्षलच्या निबंधावर बाईंनी लाल गोल केलाय. विषय — समुद्रकिनारी एक दिवस. पोराने लिहिलंय, 'समुद्राच्या दोन्ही काठांना नारळाची झाडं असतात.' 'दोन्ही'भोवती गोल आणि पुढे प्रश्नचिन्ह. चौथीतलं पोर. त्याने आजवर पाहिलं काय, तर कॅनॉल, प्रवरा नदी आणि आमची विहीर. पाण्याला पलीकडचा काठ असतोच, असं त्याचं ठाम म्हणणं.

मी हसले. मग मशीनवर बसल्यावर डोक्यात आलं — मला निबंध दिला असता तर मी काय लिहिलं असतं? समुद्र मी तरी कुठे पाहिलाय. माहेर श्रीरामपूर, सासर देवळाली प्रवरा. लग्नानंतर जेजुरी, तुळजापूर, मढी. देव सगळे झाले, समुद्र राहिला.

पलीकडचा काठ नसलेलं पाणी. दिवसभर तेच डोळ्यांसमोर. आरतीच्या ब्लाउजला उलटी बाही जोडून बसले.

१० एप्रिल

आरती ब्लाउज न्यायला आली. (बाही उसवून नीट केली होती, तिला पत्ता नाही.) मागच्या मे महिन्यात ते लोक दिवेआगरला गेले होते. म्हणाली, "अगं, सकाळी उठलं की समोर नुसतं पाणी. काही करायचंच नाही."

काही करायचंच नाही! लग्नसराईत कापडाच्या ढिगात बसलेल्या बाईला असं बोलू नये. तिने तिथल्या एका विजयाकाकूंचा नंबर दिला. पोफळीच्या बागेत खोल्या, जेवण त्यांच्याच घरचं.

जेवताना विषय काढला. आमचे हे — कानिफनाथराव — भाकरी मोडता मोडता म्हणाले, "आन उसाला पानी कोन देनार, समुद्र?"

"मुलांसाठी म्हणते मी. निबंध चुकतात त्यांचे."

मुलांसाठी म्हटलं की बरं असतं. बाईला स्वतःला समुद्र हवाय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

१३ एप्रिल, रविवार

हे मळ्यात गेल्यावर विजयाकाकूंना फोन लावला. नुसती चौकशी म्हणून. बोलणं संपलं तरी ठेववेना. विचारलं, "काकू, तुमच्या घरात आवाज येतो का हो समुद्राचा?" त्या हसल्या. "अगो, थांब. वाडीच्या टोकाला जाते नि फोन तिकडेच धरते."

फोन स्पीकरवर टाकला. मी, थोरली स्नेहल, हर्षल — तिघं मशीनभोवती. आधी काहीच नाही. मग सुपात तांदूळ घोळवल्यासारखा आवाज. यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. स्नेहल सातवीत गेल्यापासून शहाणी झालीय, म्हणाली, "ही नेटवर्कची खरखर आहे." हर्षलने तिच्या तोंडावर हात ठेवला.

आत्याबाई — माझ्या सासूबाई — पडवीत गहू निवडत होत्या. उठून आल्या, माझ्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला. काकू तिकडून हॅलो, हॅलो करतायत, ह्या आपल्या ऐकतायत. फोन परत देईनात. शेवटी काकूंनीच ठेवला.

१४ एप्रिल

हे ठाम. मेमध्ये कॅनॉलला आवर्तन सुटणार, तारीख अजून कोणालाच माहीत नाही. पाटाला पाणी आलं की शेतकऱ्याने घर सोडायचं नसतं. "ऊस वाळल्यावर तुजा समुद्र काय टनेज देनार हाय का?"

खरं आहे त्यांचं. खरं असल्यामुळेच जास्त राग आला.

१६ एप्रिल

आज काय झालं!

जेवणं चालली होती. आत्याबाई ताटावरून मान वर न करता म्हणाल्या, "कानिफ, मला समुद्रावर ने. तुजं आबा तिकडंच गेल्यात."

आबांना — माझ्या सासऱ्यांना — जाऊन दोन वर्षं झाली. अस्थी प्रवरासंगमला सोडल्या होत्या. आत्याबाईंनाही नेलं होतं, पण त्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

"संगमाचं पानी समुद्रालाच जातं ना? एकदा नजरंनं बघू दे. मग मी कुटंच चल म्हननार न्हाई."

ह्यांचा हात ताटात तसाच राहिला. डोळे भरून आले होते. आईला नाही म्हणणं ह्यांना एरवी जमतं, पण आबांचं नाव निघाल्यावर नाही जमत. हात धुऊन लगेच शेजारच्या गोरक्षभाऊंची गाडी सांगून आले. दोन मेला पहाटे निघायचं, तीन दिवसांत माघारी. तोवर आवर्तन सुटलंच, तर पाणी गोरक्षभाऊंचा माणूस धरेल.

मला आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली — त्यांना नवऱ्याची ओढ, मला फिरायची हौस. मग पुन्हा आनंदच झाला. काय करू?

२० एप्रिल, रविवार

श्रीरामपूरहून मागे कधीतरी आणलेलं निळं कापड पेटीच्या तळाशी सापडलं. कोणाचंच नाही, आवडलं म्हणून आणलेलं. झटकून मशीनवर टाकलं तर एक बाजू सरकत सरकत जमिनीवर गेली आणि मी तशीच बघत राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं, माझे पाय मात्र गार पडले होते. दारात गिऱ्हाईक उभं, "ताई, झालं का?" काय झालं का, तेच कळेना.

हर्षलने ठरवलंय, पोहत पलीकडच्या काठाला जायचं. कंबरेला डबा बांधून विहिरीत सराव चालू आहे.

आत्याबाईंचे प्रश्न संपत नाहीत. पानी गार आसतं का कोमट? कमरंएवडं गेलं तर वडतं का? बायामान्सं कशात उतरत्यात? मला ठाऊक नाही, तरी उत्तरं देते. बिचाऱ्यांना आबांच्या किती जवळ जाता येईल, तेच बघायचं असणार.

२४ एप्रिल

वाटोळं झालं.

दुपारी स्नेहल नकाशाचं पुस्तक घेऊन आली. "मम्मी, घोळ आहे. संगमावर प्रवरा गोदावरीला मिळते. गोदावरी जाते पूर्वेला. हे बघ, पार आंध्रात, बंगालच्या उपसागराला. दिवेआगर पश्चिमेला." तिचं बोट एकीकडे, दिवेआगर दुसरीकडे, मधे आम्ही.

हे मीही शाळेत शिकले होते की! पण आपली नदी आणि पुस्तकातली नदी एकच, हे कधी लक्षातच येत नाही. तिला म्हटलं, कुणाला बोलू नकोस, माझी शपथ. ती नाही बोलली. हर्षल दाराआड होता.

जेवायला बसल्या बसल्या — "आज्जी, आबा दुसऱ्याच समुद्रात गेलेत!"

हे स्नेहलकडे बघत राहिले. तिने मान खाली घातली. "मग हिकडं जाऊन काय उपेग?" हे म्हणाले. आत्याबाईंनी ताट बाजूला सारलं. अर्धी भाकरी ठेवून उठल्या, हात धुतले, पडवीत जाऊन बसल्या.

२५ एप्रिल

रद्द. गाडी नको म्हणून ह्यांनी सांगूनही टाकलं. "जायचं तर आबांकडंच जाऊ. रेल्वेनं, सावकाश, फुडल्या साली. आईला चुकीचा समुद्र दाखवून फसवायची का?"

गेलेल्या माणसापुढे माझी हौस कुठे ठेवू? मला तर चुकीचाही चालला असता. मशीन जोरात चालवून रडून घेतलं.

२६ एप्रिल

हुक लावले. काजं केली.

२८ एप्रिल

येत नाही म्हणून सांगायला विजयाकाकूंना फोन केला. त्यांनी उचलला नाही. बरं वाटलं.

३० एप्रिल, बुधवार — आखिती (अक्षय्य तृतीया)

पुरणपोळी, आमरस, कुरडया. आबांच्या नावाने पत्र्यावर घास ठेवला. ठेवून हात मागे घेते न घेते तोच कावळा. कुठे वाट बघणं नाही की विनवण्या नाहीत.

आत्याबाईंनी हात जोडले आणि मोठ्याने म्हणाल्या, "आलं बग. आखितीला हितं, पितरपाटात हितं. मान्सानं पत्रा सोडला न्हाई आन तुमी त्यांना आंध्रात हुडकायला चाललाय."

हे गोंधळले. "आई, तूच म्हनलीस ना समुद्रात गेल्यात म्हनून?"

"म्हनले आसंन. आता पोरांचा हिरमोड कशाला करतो? गाडी सांग परत."

ह्यांनी पत्र्याकडे बघितलं. कावळा पोळी घेऊन उसाकडे उडाला. मग खिशातून मोबाईल काढला. गोरक्षभाऊंची गाडी अजून मोकळीच होती. पाट अजून कोरडा आहे.

मी रसाची वाटी हातात घेऊन तिथेच उभी. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

१ मे, गुरुवार

बॅगा भरल्या. ह्यांचा डोळा लागल्यावर आत्याबाई माझ्या मशीनपाशी आल्या आणि दार लोटून घेतलं.

"लुगडं पान्यात लई जड व्हतंय म्हनं. मला एक डरेस शिव, तुज्यावानी. त्या निळ्या कापडाचा."

मी कात्री खाली ठेवली. "आत्याबाई... आणि आबा?"

"म्हातारीला समुद्रात डुंबायचंय म्हनले आसते, तर नेलं आसतं का कुनी? मी त्यांचं नाव घेतलं." कापडाची घडी उलगडत म्हणाल्या, "तू पोरांचं घेतलंस."

माप घेतलं. खांद्याला टेप लावली तर त्यांना गुदगुल्या झाल्या. मग टेप त्यांच्या हातात दिली आणि मी उभी राहिले. कापड दोघींना पुरतंय.