पट्टीच्या आतलं नाव

प्रिय आण्णा,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोच, लिहायची वेळ कधी आली नव्हती. पण आज सुरगाण्याच्या मोतीरामची जीप कामाला आली, आणि तिच्या पत्र्याखाली मला जे सापडलं ते तुला सांगितल्याशिवाय घरी जाववेना. म्हणून दिंडोरी रोडच्या आपल्या शेडमध्ये, तुझ्याच स्टुलावर बसून, पोराच्या वहीतली पानं फाडून लिहितोय.

आधी एक कबूल करतो. मी दमलोय, आण्णा. ग्राइंडर धरला की उजवा खांदा भरून येतो. वेल्डिंग जरा जास्त झालं की डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि वहिनी डोळ्यांवर ठेवायला कच्च्या बटाट्याच्या चकत्या पाठवतात. दोनदा शटरला कुलूप लावून किल्ली जागेच्या मालकाला द्यायला निघालो होतो. दोन्ही वेळा कोपऱ्यावर चहा पिऊन परत आलो.

आणि कामं तरी कसली! गंजलेला पत्रा कापून नवा जोडायला आता वेळ आहे कुणाला? ज्यांना परवडतं ते अख्खा दरवाजाच नवा बसवतात. बाकीचे म्हणतात, पुट्टीची लांबी भरा, रंग मारा, भोक दिसलं नाही म्हणजे झालं. गेल्या काही महिन्यांत मीही मान डोलावून लांबीचा डबा उघडायला लागलोय. तुला हे आवडलं नसतं. मलाही आवडत नाही, पण हात आपोआप डब्याकडे जातो.

तू किती चिडायचास त्या डब्यावर! "लांबी खड्ड्यात भरायची, बाळू. भोकावर पत्राच पाहिजे." मग हातोडीने टकटक करत गाडीभर फिरायचास. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, सडका थप्प. थप्प वाजलं की तिथून चार बोटं पुढे खडूची रेघ ओढायचास आणि तिथून कापायचास. गिऱ्हाईक बिचारं बघत राहायचं की रुपयाएवढ्या भोकासाठी हा हातभर पत्रा का काढतोय!

आणि ते नाव कोरणं! दरवाजाखालची पट्टी किंवा तसाच एखादा बंद होणारा भाग जोडायच्या आधी, नव्या पत्र्याच्या आतल्या बाजूला खिळ्याने नाव कोरायचं. ज्याने काम केलं त्याचं. बिजागरीपासून एक वीत मागे, नेहमी तिथेच. वर जुन्या ऑईलचा हात. मी एकदा विचारलं होतं, "आण्णा, पत्रा बंद झाल्यावर हे वाचणार कोण?" तू म्हणालास, "पुढचा कापणारा."

आता ते सांगतो, जे तू असेपर्यंत सांगायची हिंमत झाली नाही.

माझा पोरगा तान्हा होता तेव्हाची गोष्ट. तो आता आठवीत आहे. मोतीरामची जीप उजव्या बाजूची पट्टी सडली म्हणून आली होती. त्या पट्टीवरच पायदान उभं, आणि आतली माणसं भरली की उरलेली पायदानावर, हे तुला मी काय सांगणार! ते काम तू माझ्यावर सोपवून सायखेड्याला तुझ्या आईला बघायला गेला होतास. पोरगं रात्ररात्र रडायचं, महिनाभर धड झोप नव्हती. दुसऱ्या दिवशी त्याच्या जावळासाठी वणीला निघायचं होतं. मी सडका पत्रा कापलाच नाही. त्याच्यावरच नवा पत्रा टाकला, वेल्डिंगचे चार टाके मारले, फटी लांबीने भरल्या आणि वरून काळा रंग मारला. नाव कोरलं नाही. तेवढी लाज होती.

दोन दिवसांनी वणीहून परतलो तर जीप गेलेली. तू काही बोलला नाहीस. मला वाटलं, सुटलो.

कसला सुटलो! पुढे घाटात जीप उलटल्याची बातमी कानावर आली की कोणाची जीप हे कळेपर्यंत घास उतरायचा नाही. मोतीरामची गाडी कामाला आली की तू म्हणायचास, "ही मी बघतो, तू दुसरी घे." मी खुशाल बाजूला व्हायचो. एकदा तरी सांगायला नको होतं का मी?

आज मोतीराम आला तो डाव्या बाजूची पट्टी सडली म्हणून. "शेट, पासिंग हाय परवा. लांबी भरून द्या, लय खोलात नका जाऊ." मी नेहमीसारखा हो म्हणालो. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "उजवी बाजू कशीये रे?"

"उजवी? तिला काय झालंय! आण्णांनी केलेली हाय ती."

तो तुझं नाव सहज घेऊन चहाला गेला. मी हातोडी घेतली. पट्टीवर ठोकलं, ठण्ण! पुढे ठोकलं, ठण्ण! पायदानाखाली, मागच्या चाकापर्यंत, सगळीकडे ठण्ण. माझं काम असं वाजणं शक्यच नव्हतं. शेवटी बिजागरीपासून एक वीत मागे तळहाताएवढा तुकडा कापला, चिमट्याने उलटा केला आणि पाण्यात विझवून पुसला.

त्यावर "बाळू" असं कोरलेलं होतं. ळचं पोट मोठं, उकाराची शेपटी लांब. तुझंच अक्षर.

आत मोबाईलचा उजेड टाकून पाहिलं. सडक्या पत्र्याचा मागमूस नाही. सगळं कापून काढलेलं, आणि तुझे ते बारीक, जवळजवळ मारलेले टाके. मी खाली फरशीवरच बसलो, आण्णा.

वहिनी डबा घेऊन आल्या तेव्हा मी तसाच बसलेलो. तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि हसल्या. "सापडला का शेवटी! भाऊजी, त्या दिवशी पोतं मी धरलं होतं."

वेल्डिंग करताना आतून ओलं पोतं धरायला कोणीतरी लागतं, नाहीतर ठिणग्यांनी सीट पेटते. ते काम कायम माझं. मी वणीला, म्हणून तू वहिनींना बोलावून आणलंस! वहिनी म्हणाल्या, "मला कुठं जमतंय? पोतं सुटलं आन् ठिणगी यांच्याच पायावर. दहा दिवस लंगडत होते."

ते लंगडणं मला आठवतंय. चपला घालून वेल्डिंग करतोस म्हणून मी तुलाच दोन शब्द सुनावले होते! आणि तू खाली बघत, "चुकलं बाबा" म्हणालास.

मी वहिनींना विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं होतं, भाऊजींना बोला जरा. तर म्हनले, नको. थकलाय तो. लेकरू झोपू देत नाय त्याला."

आण्णा, हे बरोबर नाही केलंस. चार शिव्या दिल्या असत्यास, एक कानाखाली दिली असतीस, तर मी तेव्हाच रडून मोकळा झालो असतो. तू गप्प राहून माझं नाव कोरलंस आणि मी इतकी वर्षं घाटाच्या बातम्या ऐकत बसलो. तुला काय वाटलं होतं, पुढे कधीतरी कोणी कापेल आणि बाळू चांगला कारागीर होता असं म्हणेल? की तो कापणारा मीच असेन, हे ठाऊक होतं तुला? सांग ना! आता कुणाला विचारू?

मोतीराम चहा पिऊन आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. मी काय केलं होतं तेही. त्याने उजव्या पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "मंग डावी बी तशीच करा. पासिंगचं बघू नंतर."

म्हणून उद्या डावी बाजू उघडतोय. खांदा दुखणार आहे, दुखू दे. चांगला पत्रा लागेपर्यंत कापीन, चार बोटं पुढे जाऊन. पोतं धरायला वहिनी येणार आहेत, या वेळी सोडणार नाही म्हणतात. मी बूट घालीन. आणि उजवीकडचा तुकडा परत जोडायच्या आधी तुझा खिळा घेऊन त्या "बाळू"वर रेघ ओढीन आणि खाली तुझं नाव कोरीन. डावीकडे माझं कोरीन, पण सडकं सगळं कापून झाल्यावर, उरलेल्या पत्र्यावर हातोडी मारून, आवाज ऐकून.

तुझा,
बाळू