हं म्हणायला जागा

आई, आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, ती पुस्तकं लिहिते. आठवी-नववीतल्या मुलांसाठी. लहानांत बसत नाहीत आणि मोठ्यांत कोणी घेत नाही, अशा वयाच्या मुलांसाठी हल्ली वेगळ्या कादंबऱ्या निघतात, हे मलाही तिच्याकडूनच कळलं. तिची एक गंमत आहे. असं नवं पुस्तक बाजारात आलं, मग ते कोणाचंही असो, की त्या दिवशी ही ते साजरं करते. लेखकाशी ओळख ना देख, पण ही चांगला ड्रेस घालून खिडकीपाशी बसते, पुस्तक हातात धरते, त्यातलं एखादं पान वाचून दाखवते आणि सांगते, हे आजच आलंय, वाचा. ते सगळं फोनवर टिपायचं आणि जगाला दाखवायचं. टिपायला कोणी नव्हतं म्हणून एकदा तिने माझी बेल वाजवली. "आजोबा, जरा फोन धराल का? फक्त हलवायचा नाही." तुझी सून जाऊन बरीच वर्षं झाली, तुझा नातू बंगळुरूला. खरवईच्या या नव्या इमारतीत दूधवाला सोडला तर माझी बेल वाजवायचं कोणाला कारण नसतं. मी शर्ट बदलून वर गेलो.

फोन हलला नाही, पण मी हललो. ती वाचत होती, एक वाक्य संपलं, ती श्वासापुरती थांबली आणि माझ्या तोंडून गेलं, "हं." पुढचं वाक्य, पुन्हा "हं." तिने वाचणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. "आजोबा, तुम्हाला काही बोलायचंय का?" मी म्हटलं, नाही गं, ऐकतोय. "मग ऐका ना, शांतपणे." मी म्हटलं, शांतपणे ऐकलं तर वाचणाऱ्याला कळणार कसं की कोणी ऐकतंय? ती हसत सुटली. तिने तो व्हिडिओ तसाच टाकला. संध्याकाळी खाली येऊन मला मुलांनी लिहिलेलं दाखवलं. एकाने विचारलं होतं, 'ये पीछे हं हं कौन कर रहा है?' आणि दुसऱ्याने लिहिलं होतं, 'दीदी के घर में भूत है.'

मी तिला तुझ्याबद्दल सांगितलं. उल्हासनगरची, कॅम्पातल्या बराकीतली आपली ती एक खोली. स्टोव्हच्या बाजूला तू पोळपाट घेऊन बसली आहेस, शेठकडून आलेल्या पिठाच्या लाट्या ताटात झाकून ठेवल्या आहेत, खाटेवर पसरलेल्या जुन्या धोतरावर पापड वाळताहेत आणि काळ्या मिरीच्या वासाने माझं नाक हुळहुळतंय. मी दाराशी उभा राहून पुस्तकातली कविता म्हणतोय, बाईंनी शिकवलेल्या चालीवर. नदीची, पावसाळी आभाळाची, शेतावर भाकरी घेऊन जाणाऱ्या बाईची. तू मान वर करत नाहीस. लाटणं फिरतं आणि दर ओळीला तुझं "हं" येतं. एकदा मला खेळायला जायचं होतं म्हणून मी सगळी कविता एका दमात म्हणून टाकली, तर तू लाटणं उगारलंस. "गाडी सुटतेय का तुझी? मला हं म्हणायला जागा ठेव." पलीकडच्या सिंधी काकी भिंतीआडून म्हणाल्या, "बाई, छोकरे को बोल जोर से बोले, हम भी सुनते हैं." तू म्हणालीस, "फुकट ऐकता होय? चार पापड लाटून द्या." आणि दोघी हसलात. मी आणखी एकदा कविता म्हटली, या वेळी सावकाश.

हे ऐकल्यापासून ती मुलगी वाचताना थांबायला लागली. मुद्दाम, माझ्यासाठी. कधी एखाद्या नव्या लेखिकेचं पुस्तक, कधी अनुवाद, कधी चित्रांची कादंबरी. तिच्या स्वतःच्या नव्या कादंबरीची पानंही ती मला आधी वाचून दाखवायची. क्लासमधला एक मुलगा आहे, त्याला मोबाइलमध्ये पुढच्या वर्षीचे मेसेज येतात, असं काहीतरी. मला त्यातलं निम्मं कळायचं. पण संध्याकाळ झाली की मी चहाचं आधण दोघांच्या मापाचं ठेवायचो.

मग तिची कादंबरी छापून आली. प्रकाशकांकडून एक बाई तिच्या घरी आल्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी सोबत तीन पायांचा एक स्टँड आणला होता. "सर, तुमचं हं फार क्यूट आहे हो. पण स्पीकरवर ना, ते खोकल्यासारखं येतं." मी म्हटलं, बरोबर आहे, माझा घसा आहेच तसा. मुलगी काहीतरी बोलणार होती, पण त्या बाईंनी तिला कुठल्या कुठल्या शाळांत जायचं ते सांगायला सुरुवात केली. स्टँडवर फोन चढवला. खरंच, अजिबात हलत नव्हता.

अंबरनाथला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रकाशन झालं. मी इस्त्रीचे कपडे करून गेलो. पुस्तकं सोनेरी कागदात बांधली होती, पाहुण्यांनी फीत सोडली, सगळ्यांनी आपापली प्रत मुखपृष्ठ समोर करून धरली, फोटो झाले. गणवेशातली बरीच मुलं होती. मग ती वाचायला उभी राहिली. पहिलं वाक्य झालं. ती थांबली. जरा जास्तच थांबली, मान वर करून रांगांवरून नजर फिरवली. मी रुमाल तोंडाशी धरला. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा होता. मग तिने खाली पाहिलं आणि पुढचं वाचलं, आणि छान वाचलं, आई. मुलं हसली, टाळ्या झाल्या. बाहेर सह्या घेणाऱ्या मुलांतून वाट काढत ती माझ्यापर्यंत आली. "मी थांबले होते, आजोबा." "माइक होता ना." "मग? माइकला काय होतंय? मला वाटलं तुम्ही आलाच नाहीत." तेवढ्यात त्या बाईंनी तिला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी फोनवर त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ आला. मी गॅलरीत बसून लावला. मधले सगळे थांबे कापून टाकलेत. वाक्याला वाक्य चिकटलेलं, कुठे बोट घालायला फट नाही. आता ती पुणं, नाशिक, नागपूर अशी शाळाशाळांतून फिरते आहे. परवा फोन आला होता, मागे पोरांचा कल्ला. "चहा कमी करा," म्हणाली, आणि पुढे काही सांगणार तोच कोणीतरी तिला ओढून नेलं. तिचं भलं झालं, मला बरं वाटलं. खरंच वाटलं. आणि तरी संध्याकाळी वरच्या मजल्यावर कोणाचा पाय वाजला तर मी टीव्हीचा आवाज कमी करतो.

हे सगळं तुला सांगावंसं वाटलं म्हणून लिहिलं. पण तुला कुठे वाचता येत होतं. तू आहेस तिथलं पत्र टाकायला पेटी असती तरी उपयोग नव्हता, हे तुला वाचूनच दाखवावं लागणार. आज दुपारी दार लावून मी बसलो आणि सुरुवात केली. "आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते, ती पुस्तकं लिहिते." एवढं वाचलं आणि सवयीने थांबलो. मग कागद उलटा करून ठेवला. पुढचं वाचायचा धीर झाला नाही.