आरशातली राखी

उज्जैन

ती. अलकाताईस जयंताचा नमस्कार,

देव्हारा, तुझा पाट, आईचा झोपाळा, सगळं मी माझ्या हातांनी केलं, कुणाकडे न शिकता. आता एका हाताने आरशाची पेटी केली आहे. काटकोन चोख आहेत.

करवतीत गेलेला डावा हात अजून मूठ आवळतो, नसलेली नखं तळव्यात रुततात. डॉक्टर म्हणाले, "दर्द सच्चा है, भाईसाब. बस, दिमाग को खबर नहीं कि हाथ गया." म्हणून आरशासमोर उजवी मूठ उघडतो. आरशात डावी उघडते आणि कळ उतरते. झोप लागते, काळजी करू नकोस. भावजींचे गुडघे कसे आहेत?

तुझी राखी शेजारच्या अपूर्वाने उजव्या मनगटावर बांधली. आरशात ती डाव्यावर दिसली, आणि तिथे धागा जाणवला. काल ती राम घाटावर क्षिप्रेत सोडली. उजवं मनगट मोकळं झालं. डाव्यावर धागा अजून आहे, ताई. आणि तो ओला आहे.

तुझा धाकटा,
जयंत

ता.क. फ्रीगंजचा एक दुकानदार पेटी मागत होता. दुसरी करता येईल, पण हात हिच्यातच राहतो. नाही म्हणालो. अकरा हजार देत होता.