पोळ्याच्या दिवशी अडकवून ठेवलेल्या जीपला जेवू घालण्याबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
वाहन धूर निवारण कक्ष (विशेष मोहीम),
वर्धा.

विषय : अर्जदाराच्या जुन्या पेट्रोल जीपची दुरुस्ती, तपासणी, सुटका व जेवण यांस परवानगी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कक्षाचे पत्र : "वाहन दुरुस्त करून तपासणीस हजर करावे."
२) आपल्याच कक्षाचे पुढील पत्र : "तपासणीत उत्तीर्ण होईपर्यंत वाहन आवाराबाहेर नेता येणार नाही, तसेच आवारात खाजगी मिस्त्रीस प्रवेश नाही."

महोदय,

संदर्भातील दोन्ही पत्रे मिळाली. दोन्हींवर सही एकच आहे, यावरून ती एकाच डोक्यातून निघाली असावीत असा माझा समज आहे. वाहन हजर करण्याविषयी नम्रपणे कळवितो की ते पोळ्यापासून आपल्याच आवारात, बाभळीखाली उभे आहे. इतके नियमित हजर राहणारे आपल्या कक्षात दुसरे कोणी असल्यास मला त्यांचे दर्शन घडवावे.

१. मी मधुकर सदाशिवराव उमाटे, राहणार सेलू, धंदा किराणा व भुसार. खेड्यांच्या बाजारात माल नेण्यासाठी माझ्याकडे १९७४ सालची जीप आहे. घरची शेती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, कसायला दिली तेव्हा बैलजोडी विकून ती घेतली. त्यामुळे माझ्या मातोश्री श्रीमती रुख्माबाई, वय वर्षे ८१, तिला बैलच मानतात. आपल्या दप्तरी ती 'हलके मोटार वाहन' आहे. हा मतभेद आपण मातोश्रींशी परस्पर बोलून मिटवावा, माझी तेवढी छाती नाही.

२. पोळ्याच्या सकाळी जीप धुऊन, टपाला झेंडूची माळ बांधून मी पेट्रोल भरावयास निघालो असता आपल्या मोहिमेने सेलूच्या नाक्यावर अडविले. तपासणीस श्री. हेमराज यांनी सायलेन्सरमध्ये नळी घातली. आपला नियम असा की इंजिन चालू ठेवून, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून, दोन मिनिटे काटा पाहावयाचा. पाय काढताच इंजिन बंद पडले. पाय ठेवला तर काळा धूर, आणि नियमभंग. पाय काढला तर धूर मुळीच नाही, पण इंजिनही नाही. बंद इंजिनाचा काटा शून्यावर पाहून श्री. हेमराज यांनी एकदा 'धूर निरंक' असे लिहिलेही होते. तिथेच थांबले असते तर माझी जीप जिल्ह्यातील सर्वात निर्मळ वाहन ठरली असती. परंतु त्यांची कर्तव्यबुद्धी जागी झाली व त्यांनी ते खोडले. जीप वर्ध्यास आवारात आणण्यात आली. ओढून आणावी लागली, हे ओघाने आलेच.

३. त्यानंतर आपल्या कक्षाने जे वैद्यकीय परिश्रम घेतले त्याबद्दल आभार मानणे मी कर्तव्य समजतो. श्री. हेमराज म्हणाले, "पेट्रोलमंदी रॉकेल मिसयलं असन." मी टाकी रिकामी करून नवे पेट्रोल घातले. इंजिन बंदच पडले. आपले वाहनचालक म्हणाले प्लग गेले. नवे प्लग बसविण्यास त्यांनीच हात लावला, कारण ते खाजगी मिस्त्री नव्हेत. इंजिन बंदच पडले. आवक-जावक लिपिकांनी सायलेन्सर सडल्याचे सांगितले. त्यांचा संबंध टपालाशी असला तरी ते पूर्ण विश्वासाने बोलले. शेवटी आपण स्वतः खिडकीतून पाहून "गाडीत दम नाही" असा निर्णय दिलात. खुर्चीवरून न उठता रोगाचे निदान करणारे अधिकारी या जिल्ह्यास लाभले, हे आमचे भाग्य.

४. दरम्यान घरी जे घडले ते आपल्या नियमावलीत कोठे बसते ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाची खांदशेकणी होते. जू वाहून शिणलेला खांदा गरम तूप-हळदीने शेकतात आणि बैलाला उद्या जेवायला ये म्हणून आवतन देतात. दुसऱ्या दिवशी त्याला पुरणपोळी चारल्याशिवाय घरचे गोड खात नाहीत. मातोश्रींनी यंदाही जीपला रीतसर आवतन दिले, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणा आपल्याकडे मुक्कामाला आला. त्याच दुपारी त्या ताट घेऊन एसटीने वर्ध्यास आल्या आणि फाटकावर विचारू लागल्या, "माह्या बैलाले कोंडवाड्यात काऊन टाकलं?" आपल्या चौकीदाराने उत्तर दिले, "आजी, खायचं सामान अंदर नेता येत नाई. इथंच ठेव." ताट तिथेच ठेवले. ते रिकामे परत मिळाले. चौकीदारास पोळी आवडली असल्यास आनंद आहे, परंतु आवतन त्यास नव्हते.

५. त्या दिवसापासून मातोश्रींनी गोड सोडले. दिवाळी आली आणि गेली, त्यांनी करंजीला हात लावला नाही. नंतर रात्रीचे जेवण सोडले. आता चहा आणि अर्धी भाकर, तीही माझी मुलगी आकांक्षा समोर बसून राहिली तर. समजूत घालू गेल्यास म्हणतात, "आवतन देऊन पाव्हण्याले उपाशी ठेवलं. मी कोन्त्या तोंडानं जेवू?" जीप जेवली असे मी एकदा खोटे सांगून पाहिले. "पुरण कशाचं होतं?" असे त्यांनी विचारले आणि माझे खोटे तिथेच उघडे पडले. डॉक्टर म्हणतात आजार काही नाही, फक्त खात नाहीत. मला भीती वाटते, साहेब. हे वाक्य अर्जाच्या भाषेत कसे लिहितात ते मला माहीत नाही.

६. (हा परिच्छेद गोपनीय समजावा. आपले एक लिपिक सेलूचे जावई आहेत, म्हणून विशेष विनंती.) मागील तपासणीत श्री. हेमराज यांनी पाय दाबून इंजिन बराच वेळ तापविले, तेव्हा आवारात शिरा भाजल्यासारखा वास सुटला व कर्मचारी वर्ग डबे उघडून बसला. धुराचा रंग लिहिण्यास आपल्या तक्त्यात जागा आहे, वासास नाही, त्यामुळे नोंद झाली नाही. मला मात्र तो वास ओळखीचा वाटला. मी बॉनेट उचलून पाहिले. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी पिवळा थर होता. खांदशेकणीच्या संध्याकाळी हवेची गाळणी धुण्यासाठी काढलेली होती. जीपचा खांदा कोणता, याचा निर्णय मातोश्रींनी स्वतः घेतला आणि सर्वात उघडी जागा पाहून वाटीभर तूप-हळद तिथे प्रेमाने ओतली. पाय काढल्यावर इंजिन ज्या बारीक भोकातून हवा ओढून चालू राहते, ते भोक हळदीने बुजले आहे. हवा कमी, पेट्रोल जास्त, म्हणून धूर काळा आणि इंजिन बंद. रॉकेल, प्लग, सायलेन्सर व दम हे चारही आरोपी निर्दोष आहेत. आता थंडीने तूप थिजल्यामुळे सकाळच्या वेळी जीप सुरूही होत नाही. कार्ब्युरेटर खोलून पेट्रोलने धुतला की सर्व ठीक होईल. सेलूच्या कोणत्याही गॅरेजमध्ये हे काम चहा थंड होण्याच्या आत होते. आपल्या आवारात त्यास किती महिने लागतील, ते आपण कळवावे.

सबब विनंती की,

(अ) आमच्या सेलूच्या गॅरेजातील तानबा मिस्त्री यास एक दिवस आवारात येऊ द्यावे. खाजगी असणे हा त्याचा दोष असला तरी तो जन्मापासून आहे, त्याला इलाज नाही.

(ब) त्याच दिवशी मातोश्रींस पुरणपोळीचे ताट घेऊन जीपपर्यंत जाऊ द्यावे. त्या बॉनेटला कुंकू लावतील, समोरच्या जाळीपुढे घास धरतील व काही वेळ थांबतील. कर्मचाऱ्यांना हसू आल्यास त्यांनी कार्यालयात जाऊन दार लावून हसावे. चौकीदारासाठी वेगळे ताट आणले जाईल.

(क) जीप सुरू झाली की मातोश्री सगळ्यांना विचारतील, "काय झालतं माह्या बैलाले?" आजवर आपल्या कक्षाने निदान वाटताना हात आखडता घेतला नाही. त्या एका दिवशी घ्यावा. तूप व हळद हे शब्द कोणीही उच्चारू नयेत. आपल्याच हाताने बैल आजारी पडला हे कळले तर त्या उरलेली अर्धी भाकरही सोडतील. "वय झालं" असेही कोणी म्हणू नये, ते त्या स्वतःवर घेतील. मालकाने नीट लक्ष दिले नाही, एवढेच सर्वांनी एका सुरात सांगावे. माझ्याविषयी असे काही ऐकले की त्यांचा तत्काळ विश्वास बसतो. मग त्या सेलू येईपर्यंत मला बोलत राहतील, आणि घरी गेल्यावर दमून जेवायला मागतील. आपणास हवे असल्यास हयगय केल्याचे मी लेखी देतो.

या अर्जावर 'नियमानुसार कार्यवाही' असा शेरा मारून तो पुढे पाठवू नये ही कळकळीची विनंती. मी चुकलो की आई बोलते, न चुकलो तरी बोलते, अशी माझी सारी हयात गेली. गेले चार दिवस ती मला काहीच बोललेली नाही.

आपला, अजून तरी नम्र,
(सही)
मधुकर सदाशिवराव उमाटे
सेलू, जि. वर्धा
दि. १८ नोव्हेंबर २००२