करडी कुठे गेली होती

सोमवार, ४ मार्च
धरली! तीन आठवडे चकवत होती करडी, आज माशाच्या तुकड्याला भुलली आणि शिरली पिंजऱ्यात. मांजरांच्या विणीचा हंगाम सुरू झालाय. आत्ताच माद्यांची ऑपरेशनं केली नाहीत, तर जूनपर्यंत जिन्यात पाय ठेवायला जागा उरणार नाही. प्राण्यांच्या संस्थेची गाडी नाक्यावर वेळेवर आली. सोबतच्या चिठ्ठीवर ‘पोट तपासलं’ असा रकाना असतो. खूण केली. तपासलं कुठलं! ती फिस्कारत होती, आणि मला औषधांचं दुकान उघडायचं होतं. पत्त्याच्या जागीही नुसतं ‘जिन्यातली करडी’ लिहिलं आणि पळाले.

मंगळवार, ५ मार्च
संध्याकाळी पंपाच्या खोलीतून बारीक आवाज. पोत्यावर तीन पिल्लं! डोळे नुकते उघडलेले, अंग गार. तासभर लांब उभी राहिले, आई फिरकलीच नाही. मग घरी आणली. आधी ऊब, मग दूध — संस्थेत शिकवलंय तसं. बुटांचं खोकं, गरम पाण्याची पिशवी, दुकानातली बिनसुईची सिरिंज.

आत्या खुर्चीतून बघत होती. यांची आई कुठेय, म्हणाली. गेली असेल सोडून, म्हटलं, काही आया असतातच तशा. मी चार वर्षांची असताना आई मला टाकून गेली. तेव्हापासून आत्यानेच वाढवलं. या घरात तो विषय निघत नाही. आज माझ्याच तोंडून निघाला.

बुधवार, ६ मार्च
दर तीन तासांनी दूध. मी दुकानात असते तेव्हा वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर येतात. मांडीवर टॉवेल घेऊन पेपर तपासावेत तसं एकेक पिल्लू तपासतात, आणि वहीत वजन मांडून ठेवतात. रखवालदाराच्या बायकोने लोकरीची टोपी दिली, तिघं त्यात मावतात. दोघं ढोसतात. सगळ्यात लहान मात्र तोंडच उघडत नाही. जीव टांगणीला लागलाय.

संस्थेचा फोन दोनदा आला. कापला. आणखी मांजरं धरायला सांगणार, दुसरं काय! इथे श्वास घ्यायला फुरसत नाही.

गुरुवार, ७ मार्च
लहानगं गेलं. मास्तरांच्या मांडीवरच. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मोठ्या कुंडीत पुरलं.

रडले, मग संतापले. तीन जीव जन्माला घालून उंडारायला गेलेल्या त्या मांजरीला मोठ्याने शिव्या घातल्या. आत्या उठून आत गेली. जेवायलाही आली नाही.

शुक्रवार, ८ मार्च
आज संस्थेचा फोन उचलला. ऑपरेशन करतानाच डॉक्टरांना कळलं होतं — करडीला दूध आहे. गाडीवाल्या ताई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाल्या, “कुठे सोडायची ते चिठ्ठीवर नाही, फोन तुम्ही घेत नाही. तीन दिवस ती पिंजऱ्याचं दार ओरबाडतेय.”

पोट न तपासताच खूण केली होती मी. मीच नेली होती तिला. आणि शिव्याही तिलाच!

दुपारी त्या करडीला घेऊन आल्या. कानाचं टोक कापलेलं — ऑपरेशन झाल्याची खूण. पिल्लांना आता माणसाचा वास. ओळखेल का? पिल्लं खोक्याबाहेर टॉवेलवर ठेवली, पिंजरा जवळच उघडला. मी, मास्तर, ताई, तिघंही श्वास रोखून. तिने दोघांना हुंगलं, चाटलं, आणि आडवी झाली. दोन्ही पिल्लं चिकटली! मास्तर माझ्याकडे बघून हसले, मला हसू येईना.

दूध पाजून झाल्यावर ती उठली आणि रिकाम्या खोक्यात डोकावली. टोपी उलटीपालटी केली. पुन्हा डोकावली. मला तिथे उभं राहवेना. आत्याच्या खोलीत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवलं, म्हटलं, आत्या, ती सोडून गेलीच नव्हती गं. आत्याचा हात माझ्या केसांवर होता. तो तिने काढून घेतला.

शनिवार, ९ मार्च
सकाळी चहा घेताना आत्या बोलली. माझ्याकडे न बघता. “तुझी आईसुद्धा गेली नव्हती. तुझ्या पाठचं बाळ दगावलं, तिचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. आम्ही तिला इस्पितळात ठेवलं. बरी होऊन दोनदा दारात आली होती. मी दार उघडलं नाही.”

मग शिवणाच्या डब्यातून आईच्या पत्रांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. शेवटचं पत्र या जानेवारीतलं आहे. पाकिटावर तिचा पत्ता आहे.

दोन दिवस आत्याकडे बघाल का, म्हणून मास्तरांना विचारून आले. बॅग भरली.

अक्षर अगदी माझ्यासारखं आहे.