विंगेतलं स्टूल

६ सप्टेंबर

काढलं. बाबांचं स्टूल काढलं! डाव्या विंगेतून मी स्वतः उचललं आणि कपडेपटात नेऊन ठेवलं. दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस झालं नाही. बाबा एकतीस वर्षं त्यावर बसून नटांना ओळी पुरवत आलेत. आईने शिवलेली उशी अजून तशीच बांधलेली आहे.

तालमीत सांगून टाकलं — या नाटकाला प्रॉम्प्टर नसेल. तिकडे, मी शिकले त्या परदेशातल्या शाळेत, नसतोच. तिकडच्या बाई म्हणायच्या, विसरलात तर शांततेत उभे राहा, ती शांतताही तुमचीच. हे मी सांगत होते आणि सगळी मंडळी बाबांकडे बघत होती. बाबांनी नाटकाचं बाड मिटलं, चष्मा खिशात घातला. "बरंय. पाठीला आराम."

कपडेपट आत्या सांभाळते. तिने स्टूल बघितलं मात्र — "दोन वर्षं परदेशात राहून गप्प उभं राहायला शिकून आलीस होय? अगं, ते मी घरीच शिकवलं असतं!"

मी हसले. हसायला नको होतं.

९ सप्टेंबर

मला अक्षरं बाबांनी शिकवली, शाळेच्या आधी. स्टुलाशेजारी जमिनीवर बसवून, बाडावरून. मी वाचलेला पहिला शब्द 'प्रवेश'. त्यांच्या कामाचे नियमही तेव्हापासून पाठ आहेत. सगळी ओळ द्यायची नाही, पहिले दोन शब्द पुरे. नट मुद्दाम थांबलाय की विसरलाय, ते आधी ओळखायचं — थांबलेल्याचा श्वास पोटात असतो, विसरलेल्याचा गळ्याशी. आणि ओळ पोचली की नटाची मान किंचित हलते. त्याला स्वतःलाही कळत नाही. "मान हलली की आपण गप्प. नाही हलली तर पुन्हा द्यायची."

आणि तिकडे पहिले तीन महिने काय, तर हीच मान! पाठमोरं उभं राहायचं. मागून कुणीतरी हाक मारणार. मान हलता कामा नये. वर्गात सगळ्यात उशिरा जमलं ते मला. बाईंनी विचारलं होतं, तुझ्या मानेला एवढी कसली घाई? मी म्हटलं, वडील नाटकात आहेत, त्यामुळे असेल. त्यांना वाटलं नट आहेत. मी वाटू दिलं.

आज चार वर्षांनी हे लिहिताना कान तापलेत.

१७ सप्टेंबर

बाबांना परवाच्या प्रयोगाचा पास दिला. चौथी रांग, कडेची खुर्ची. पास उलटसुलट करून बघत म्हणाले, "समोरून नाटक कसं दिसतं ते बघू तरी एकदा!"

१९ सप्टेंबर

पहिला प्रयोग झाला. दुपारचा होता, तरी थिएटर भरलं.

तिसरा प्रवेश. रिकाम्या घरात भाऊ मला विचारतो, "किल्ली कुणाकडे आहे?" आणि मला उत्तर येईना! मीच बसवलेलं नाटक, शंभरदा म्हटलेली ओळ. डोक्यात नुसतं पांढरं. पुढच्या रांगेत समीक्षक, नाट्यशाळेचे संचालक. भावाचं काम करणारा माझ्याकडे डोळे फाडून बघतोय. बऱ्याच वेळाने ओळ आली, बोलले. पुढचं सुरळीत.

विसरले. एवढंच. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

२१ सप्टेंबर

पेपरात आलंय! 'तिसऱ्या प्रवेशातली ती शांतता ऐकून परदेशातलं शिक्षण कशासाठी, ते कळतं.' दोनदा वाचलं आणि घडी घालून उशीखाली ठेवलं, चोरीचा माल ठेवतात तसं.

नाट्यशाळेतून फोन आला. शांतता या विषयावर तीन दिवसांचं शिबिर घ्याल का? हो म्हटलं. विसरण्याचं शिबिर! आणि ही बया तिथे सांगणार, श्वास पोटात ठेवा म्हणून.

'भाऊ' तालमीत म्हणाला, "पुढच्या प्रयोगाला किती आकडे मोजू ते आधी सांग. त्या दिवशी माझी बोबडी वळली होती." बारा मोज म्हटलं. आता दर प्रयोगाला मी बारा आकडे विसरणार. ठरवून.

२५ सप्टेंबर

सकाळी बाबा पेन्सिलींना टोक काढत बसले होते. काम नाही, तरी रोज काढतात. मान वर न करता म्हणाले, "त्या दिवशी मी ओळ दिली होती तुला."

मी टोक काढलेल्या पेन्सिली गोळा करायला लागले.

"तू नको म्हणाली होतीस, चूक माझीच. पण श्वास गळ्याशी दिसला, राहवलं नाही. दोनदा दिली. तुझी मान काही हलली नाही. म्हणजे आवाज पोचला नाही. गेला तो."

दुसऱ्या एका कंपनीचे मॅनेजर परवाच येऊन गेलेत. त्यांच्या दौऱ्यावर प्रॉम्प्टर हवाय, बाबाच हवेत. बाबांनी जुनी बॅग पुसून उन्हात ठेवली होती. आज ती परत माळ्यावर गेली. "उद्या जाऊन नाही म्हणून सांगतो. माझ्या भरवशावर उभा राहिलेला नट तोंडघशी पडायचा."

आत्या उखडली. "अरे, घसा बसला असेल! लगेच वानप्रस्थाला कसला निघालास?"

"चौथ्या रांगेतून पोचत नाही, ताई. विंगेतून एवढंच अंतर असतं."

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "गर्दी होती बाबा. कसं ऐकू येणार?"

असं म्हटलं मी. याच तोंडाने.

२६ सप्टेंबर

बाबा बाहेर चपला शोधतायत. नकार कळवायला निघालेत. निदान वहीत तरी खरं लिहिते, म्हणजे दारात जाऊन बोलता येईल.

ऐकू आलं होतं. 'किल्ली माझ्या—' पहिल्याच वेळी, स्टुलावरून यायचं तसं स्वच्छ. मान हलायला निघालीच होती.

मी हलू दिली नाही.